अंडातलं पाणी काढणं वेगळं, अंड काढणं वेगळं

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा हत्तीरोगाचा पट्टा. त्यामुळे अंड सुजलं की 'पाणी भरलं' हे गावातच ठरतं, आणि बरेचदा ते खरंही निघतं. पण 'अंडाचं ऑपरेशन' या एका नावाखाली दोन निराळ्या शस्त्रक्रिया येतात.

पहिली हायड्रोसीलची, म्हणजे वृषणाभोवती पाणी भरतं त्याची. चीर अंडकोषाच्या चामडीवर घेतात, पाणी काढतात, वृषणाभोवतीची पिशवी कापून किंवा उलटी करून शिवतात. वृषण जागेवरच राहतं. नुसतं सुईनं पाणी काढलं तर ते परत भरतं, कारण पिशवी तशीच असते.

दुसरीत वृषणच काढतात, मुख्यतः कर्करोगासाठी. इथे चीर जांघेत. वृषणाची नस, म्हणजे रक्तवाहिन्या आणि वीर्यनलिका असलेली दोरी, वरपर्यंत सोडवून बांधतात आणि सगळं एकसंध बाहेर घेतात. खालून का नाही? चामडीची लसीका, म्हणजे ऊतींतून झिरपून वाहणारा पाण्यासारखा द्रव, जांघेतल्या लसीकाग्रंथींकडे जाते, वृषणाची थेट पोटात, मूत्रपिंडाजवळच्या लसीकाग्रंथींकडे. चामडी कापली किंवा सुई टोचली की रोगाला दुसरी वाट मिळते. म्हणून सोनोग्राफी झाल्याशिवाय कोणालाही सुई टोचू देऊ नका.

टॉर्चच्या परीक्षेवर विसंबू नका. पाणी असेल तर उजेड आरपार लाल दिसतो, हे बरोबर. पण जुन्या हत्तीरोगात पिशवी जाड होते आणि उजेड अडतो. उलट कर्करोगाच्या गाठीभोवतीही पाणी साचू शकतं. पंधरा ते पस्तीस वयात न दुखणारी कडक गाठ लागली तर एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या कर्करोगाची खूण दाखवणाऱ्या रक्ततपासण्या ऑपरेशनआधी करायच्या, नंतर पुन्हा. आकडे उतरतात का ते पाहायला. पुढे किमोथेरपीची शक्यता असेल तर वीर्य साठवण्याचं आधीच विचारा. (अचानक जीवघेणी कळ आणि ओकारी आली तर अंडाला पीळ पडलेला असू शकतो. तिथे साधारण 6 तासांची मुदत असते. थेट मोठं हॉस्पिटल गाठा.)

बरं होणंही सारखं नाही. हायड्रोसीलनंतर अंडकोष काही आठवडे सुजलेला, कडक राहतो. घट्ट लंगोट आणि झोपताना खाली घडी केलेलं फडकं कामी येतं. तासातासाला सूज वाढत गेली तर आत रक्त साचतंय. वृषण काढल्यावर खाली सूज कमी, पण जांघेची भिंत उघडलेली असते, म्हणून 4 ते 6 आठवडे कापसाचं गाठोडं नाही, फवारणीचा पंप पाठीवर नाही, वखर नाही. घाई केली तर हर्निया होऊ शकतो. मांडीच्या आतल्या बाजूला बधिरपणा येऊ शकतो, बहुधा हळूहळू कमी होतो. पहिल्या एक-दोन दिवसांत पोट दुखून चक्कर आली, घाम फुटला तर बांधलेली नस सुटून आत रक्त जात असेल. हे बाहेरून दिसत नाही, लगेच दवाखान्यात न्या.

दुसरं वृषण निरोगी असेल तर संबंध, दाढीमिशा, मूल, यातलं सहसा काही अडत नाही. काढलेलं वृषण तपासणीला जातं. टाके निघाले की काम झालं असं समजून गावी निघू नका. तो रिपोर्ट हातात घ्या, कारण पुढचा सगळा इलाज त्यावरच ठरतो.