व्यापारी इमारतींचे इन्सुलेशन : निवडीचे निकष कसे बदलत गेले

व्यापारी इमारतीसाठी इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, निवडताना आज उष्णतारोध, आगीतील वर्तन, आरोग्य आणि पर्यावरण या साऱ्यांचा विचार होतो. हे निकष एकाच वेळी कोणी ठरवले नव्हते. त्यांतील बहुतेक एखाद्या मोठ्या नुकसानीनंतर नियमांत आले आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इन्सुलेशन लागे ते मुख्यतः बॉयलर आणि वाफेच्या नळांना, आणि तेथे ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज सोयीचे ठरले. ते स्वस्त होते, जळत नव्हते. पुढे पोलादी सांगाडा आगीत वाकू नये म्हणून तेच तुळयांवर फवारले जाऊ लागले. त्याच्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात, हे 1924 मध्ये ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. तरीही त्या देशात संपूर्ण बंदी यायला 1999 उजाडले. या विलंबाची किंमत कामगारांनी मोजली.

दरम्यान 1930 च्या दशकात ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंची लोकर, आले आणि 1937 मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेनचा, म्हणजे ज्याचा फोम बनतो त्या प्लास्टिकचा, शोध लावला. मात्र महायुद्धानंतरच्या काचेच्या इमारतींत भिंतीच्या उष्णतारोधाला फारसे महत्त्व नव्हते. न्यूयॉर्कचे 1952 मधील लिव्हर हाउस हे बंद काचांचे आणि सर्वस्वी वातानुकूलनावर विसंबलेले होते. ऊर्जा स्वस्त होती तोवर हे चालून गेले. 1973 च्या तेलसंकटाने तो हिशेब मोडला आणि 1975 मध्ये अमेरिकेत ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेचे ऊर्जाविषयक मानक 90 प्रसिद्ध झाले.

येथून फोमला मागणी वाढली. ग्लासवूलसारख्या खनिज लोकरीची उष्णतावाहकता साधारण 0.035 वॅट प्रति मीटर केल्विन, तर पॉलियुरेथेन फोमची 0.024 च्या आसपास असते; ती जितकी कमी तितका उष्णतारोध चांगला. म्हणजे 100 मिलिमीटर लोकरीचे काम सुमारे 70 मिलिमीटर फोम करतो, आणि भाड्याच्या जागेत वाचलेली जाडी मोलाची ठरते. हा गुण फोमच्या पेशींत कोंडलेल्या वायूमुळे येतो. तो वायू हळूहळू निसटून हवा आत शिरते, म्हणून फोमच्या नव्या पाटीच्या उष्णतावाहकतेपेक्षा दीर्घकालीन आकडा पाहणेच योग्य. शिवाय सुरुवातीचे वायू ओझोनला घातक निघाले. 1987 च्या माँट्रियल करारानंतर ते बदलावे लागले, आणि त्यांच्या जागी आलेल्या तापमानवाढ करणाऱ्या वायूंवर त्याच करारातील 2016 च्या किगाली दुरुस्तीने मर्यादा आणली.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 2017 साली लागलेल्या आगीत 72 जणांचा मृत्यू झाला. ती निवासी इमारत होती आणि आग पसरली ती प्रामुख्याने बाह्य आवरणातील पॉलिइथिलीन या ज्वलनशील प्लास्टिकमुळे. पण मागच्या फोमच्या पाट्यांनीही हातभार लावला असावा, असे चौकशीत नोंदवले गेले. पुढच्याच वर्षी इंग्लंडने 18 मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील साहित्याला बंदी केली. कार्यालयांना ती लागू नव्हती, तरी एकट्या पाटीऐवजी आवरण, पोकळी आणि इन्सुलेशन यांसह संपूर्ण भिंतीची अग्निचाचणी मागण्याला तेथेही जोर आला.