झोपेची गोळी वेगळी, डिप्रेशनची गोळी वेगळी: काउंटरच्या आतून थोडी कटकट

कोल्हापुरात सीपीआर दवाखान्यापासून चालत जाता येईल अशा एका गल्लीत माझं मेडिकल आहे. एकवीस वर्षं झाली काउंटरच्या आत उभा आहे. या काळात "ती झोपेची गोळी द्या" हे वाक्य किती वेळा ऐकलं याचा हिशोब नाही. पुढं आलेल्या चिठ्ठीवर बघावं तर लिहिलेलं असतं एस्सिटालोप्राम, नाहीतर सर्ट्रालिन, म्हणजे डिप्रेशनच्या गोळ्या. झोपेच्या गोळीशी त्यांचं नातं एवढंच, की सगळ्या एकाच डॉक्टरच्या चिठ्ठीवर येतात. पण मानसोपचाराचं म्हणून जे काही औषध आहे ते झोपेचं, झोपेचं आहे म्हणजे गुंगीचं, आणि गुंगीचं आहे म्हणजे सवय लावणारं, अशी एक साखळी गंगावेशीच्या दूधकट्ट्यापासून राजारामपुरीच्या शेवटच्या गल्लीपर्यंत पक्की बसलेली आहे.

झोपेची गोळी तुम्हाला माहीत आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम. घेतली की अर्ध्या-पाऊण तासात डोळे जड होतात, धडधड बसते, डोक्यातली भुणभुण थांबते. परीक्षेचं टेन्शन असो की कोर्टाच्या तारखेचं, काम तेच. हिच्यावर जास्त शाई घालवत नाही.

दुसरी गोळी डिप्रेशनची. हिला मी मुद्दाम मनाची गोळी म्हणत नाही, कारण तसं म्हटलं की लोक पुन्हा दोन्ही एकाच डब्यात टाकतात. ही घेतल्यावर पहिल्या रात्री काही होत नाही. झालंच तर मळमळतं, तोंड सुकतं, कधी जीव उलट जास्तच तगमगतो. फरक कळायला दोन ते चार आठवडे, पुरता कळायला सहा-आठ आठवडे. आमच्या गिऱ्हाइकांत एक जुने वस्ताद आहेत. आठव्या दिवशी येऊन रागानं म्हणाले, "आठ दिस झालं, कायबी फरक न्हाई." मी म्हटलं, "वस्ताद, आठ दिवस जोर मारून कुणी खासबागेत कुस्ती मारलीय का?" ते गप्प झाले. झोपेची गोळी हा डाव आहे, लागला की समोरचा चीत. डिप्रेशनची गोळी ही मेहनत आहे. त्यांच्या भाषेत त्यांना हे एका क्षणात कळलं. सुशिक्षित माणसांना समजवायला मला जास्त वेळ लागतो.

हा फरक औषधशास्त्रालासुद्धा सहजासहजी कळलेला नाही, आणि तो कळण्यात न्यूयॉर्कच्या एका मानसोपचारतज्ज्ञाचा मोठा वाटा आहे. नेथन क्लाईन त्याचं नाव. १९५२ पासून तो न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड स्टेट हॉस्पिटलमध्ये संशोधन बघायचा. हजारो रुग्ण, आणि हाताशी काय, तर विजेचे झटके, इन्शुलिन देऊन आणलेली बेशुद्धी आणि बार्बिट्युरेट जातीची औषधं. बार्बिट्युरेट म्हणजे खरीखुरी झोपेची गोळी. माणूस शांत होई तो झोपला म्हणून. जागा झाला की आजार जागा. म्हणजे शांत करणं आणि झोपवणं हे तेव्हा डॉक्टरांच्याही लेखी एकच होतं. आमच्या काउंटरवरचा गोंधळ त्या काळाचाच आहे, फक्त सत्तर वर्षं शिळा.

क्लाईननं हात घातला तो आपल्या सर्पगंधेला. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहून ठेवलं होतं की ही मुळी रक्तदाबावर आणि वेडावर चालते. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबाच्या ५० रुग्णांचा अनुभव छापला, तेव्हा पश्चिमेनं मान वर करून बघितलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीनं मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं. क्लाईननं ते रॉकलंडच्या रुग्णांना दिलं आणि १९५४ मध्ये निष्कर्ष छापले. खवळलेला माणूस निवत होता, आणि जागा राहून निवत होता. त्याच सुमारास पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात डिले आणि डेनिकर हेच क्लोरप्रोमाझिनबाबत बघत होते. त्यांचं औषध टिकलं, रेसरपिन मागं पडलं. तो हिशोब इथं लांबवत नाही.

गंमत पुढं आहे. रेसरपिन घेणाऱ्या काही जणांचं मन खचू लागलं. क्लाईनच्या डोक्यात उलटा प्रश्न आला: मन खाली नेणारं औषध असू शकतं, तर वर उचलणारं का नसावं? उत्तर टीबीच्या वॉर्डात पडलेलं होतं. टीबीसाठी आजही आम्ही आयसोनियाझिड देतो ना, त्याचंच भावंड आयप्रोनियाझिड. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात हे घेणारे खंगलेले रुग्ण एकदम तरतरीत झाले, नाचायला लागले, अशा बातम्या आल्या. बाकीच्यांनी त्याला साईड इफेक्ट म्हटलं. क्लाईन आणि त्याचे सहकारी लूमर व साँडर्स यांनी तोच साईड इफेक्ट औषध म्हणून वापरला आणि १९५७ मध्ये जाहीर केला. वर्षभरात सुमारे ४,००,००० लोकांना ते दिलं गेलं, असं सांगतात. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून या मानसोपचारतज्ज्ञानं इमिप्रामिन हे डिप्रेशनचं दुसरं औषध पुढं आणलं.

क्लाईन मला पुरता आवडत नाही. वर्तमानपत्रांत मिरवायची त्याला हौस होती, आणि श्रेयावरून सहकाऱ्याशी वाद झाला तो कोर्टापर्यंत गेला. गावाकडच्या दवाखान्यात बसून एकेक रुग्ण निरखणारा कून मला जवळचा वाटतो. आयप्रोनियाझिडही टिकलं नाही; यकृताला इजा होते, कावीळ होते म्हणून मागं घ्यावं लागलं. पण वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार क्लाईनला दोनदा मिळाला, १९५७ आणि १९६४ मध्ये (पहिल्या खेपेला मानकऱ्यांत आपले डॉ. वकीलही होते), तो उगीच नाही. मला त्याच्या कामातली एकच गोष्ट मोलाची वाटते. आयप्रोनियाझिडनं कुणाला झोप आणली नाही, गुंगी आणली नाही, परिणाम दिसायला काही आठवडे लागले, आणि तरी खचलेला माणूस उठून बसला. डिप्रेशनच्या गोळीचं सगळं चरित्र त्या पहिल्या गोळीतच आहे. झोपेच्या गोळीचं आजचं घराणं, लिब्रियम आणि व्हॅलियमचं, त्यानंतर १९६० आणि १९६३ मध्ये बाजारात आलं. दोन्हींचं कूळ वेगळं, काम वेगळं.

आता मुख्य भांडण. "सवय लागती म्हणं."

मराठीत "सवय" हा एक शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींच्या पाट्या एकटाच उचलतो, आणि सगळा घोळ तिथं होतो. पहिली गोष्ट म्हणजे चटक. काल एक गोळी पुरत होती, आज दीड लागते, सहा महिन्यांनी दोन. ती खिशात नसली तर माणूस बेचैन, चिठ्ठी संपली तर दुसऱ्या पेठेतलं मेडिकल शोधतो, "अण्णा, एक स्ट्रिप द्या की, ओळखीचा आहे" म्हणून गळ घालतो. हे झोपेच्या गोळीचं होतं. रोज घेतली तर काही आठवड्यांतच शरीर तिला सरावतं. म्हणून तर सरकारनं १ मार्च २०१४ पासून एच-वन यादी लागू केली. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम त्यात आहेत. गोळी दिली की डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं. मी या जातीची कुठलीही गोळी असली तरी लिहितो. एस्सिटालोप्रामसाठी चिठ्ठी लागते, पण त्या रजिस्टरची गरज नाही. एकवीस वर्षांत डिप्रेशनच्या गोळीसाठी मध्यरात्री माझं शटर कुणी वाजवलेलं नाही. झोपेच्या गोळीसाठी वाजवलंय.

दुसरी गोष्ट, अचानक सोडल्यावर होणारा त्रास. हा दोन्हीकडं आहे, आणि इथं मी डिप्रेशनच्या गोळीची वकिली करणार नाही. दोन-चार महिने घेतलेली गोळी एका दिवशी बंद केली तर चक्कर येते, मळमळतं, चिडचिड होते, डोक्यात विजेचे छोटे झटके बसल्यासारखं वाटतं. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनला जास्त. फ्लुओक्सेटिन शरीरात बराच काळ रेंगाळतं म्हणून त्याला कमी. हे झटके खरे असतात. "तुमच्या मनाचे खेळ" म्हणून ते झटकून टाकणाऱ्यांचा मला राग येतो. पण याला चटक म्हणत नाहीत. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि स्टिरॉईडसुद्धा एकदम सोडता येत नाहीत. म्हणून त्यांना कुणी व्यसन म्हणतं का? उतरणीला हळूहळू उतरायचं, डॉक्टरला विचारून डोस कमी करत न्यायचा. उलट महिनोन्महिने घेतलेली झोपेची गोळी फटकन सोडली तर फिट येऊ शकते. जी गोळी लोक स्वतःच्या मनानं चालू करतात तीच सोडायला जास्त धोक्याची, आणि जिला घाबरतात ती त्यामानानं सोपी.

तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी. बरं वाटलं म्हणून दोन महिन्यांत गोळी सोडली, आणि आणखी दोन महिन्यांनी पुन्हा अंथरुणातून उठवेना. घरचे म्हणतात, "बघा, सवय लागली, गोळीशिवाय चालेना." हा आजार परत आलेला असतो. सोडल्याचा त्रास बहुतेकदा काही दिवसांत सुरू होतो आणि काही आठवड्यांत ओसरतो. आजार सावकाश परततो आणि मुक्कामाला येतो. म्हणून तर बरं वाटल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवायला सांगतात. साखर नॉर्मल आली म्हणून मेटफॉर्मिन सोडणाऱ्याला आपण वेडा म्हणतो. इथं मात्र चालू ठेवणाऱ्याला म्हणतो.

एवढं सगळं असूनही लोकांचा गैरसमज हवेतून आलेला नाही. त्याला एक कारण आहे आणि ते माझ्या मागच्या फळीवर रचून ठेवलेलं आहे: "प्लस". एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत, नावापुढं प्लस. सुरुवातीचे तगमगीचे दोन-तीन आठवडे निभावायला डॉक्टर झोपेच्या गोळीची जोड देतात, त्यात चूक काही नाही. चूक पुढं होते. काम झालं की झोपेचा भाग कमी करत काढून टाकायचा. पण गोळी एकच असल्यावर काय काढणार? रुग्ण तीच जुनी, चुरगाळलेली चिठ्ठी घेऊन दोन-दोन वर्षं येत राहतो. मग त्याला खरंच सवय लागते, क्लोनाझेपामची, आणि नाव खराब होतं एस्सिटालोप्रामचं. माझ्या हातात असतं तर हे प्लस प्रकरण मी बंदच केलं असतं. दोन औषधं द्यायची तर दोन स्ट्रिपा द्या, म्हणजे एक सोडता तरी येईल. घरी कपाटातली डिप्रेशनच्या गोळीची स्ट्रिप काढून मागं बघा. लाल अक्षरात एनआरएक्स असेल तर आत झोपेच्या जातीचं औषध आहे.

आणखी एक जात असते, "इंग्लिश औषध नको, आयुर्वेदिक द्या, त्यात सर्पगंधा असतीया, साईड इफेक्ट न्हाई." क्लाईनच्या रॉकलंडमध्ये गेलं ते याच मुळीतलं रेसरपिन. रक्तदाब ते पाडतं, आणि खचलेल्या मनाला ते चालतच नाही. डिप्रेशनच्या माणसानं त्याच्या गोळीऐवजी सर्पगंधा मागणं म्हणजे पंचगंगेच्या पुरात पोहायला जाताना दगड कमरेला बांधणं.

मंगळवार पेठेतल्या एक काकी आहेत. "मी रोज घेतो, मला झोप लागायची म्हणून घेतो" असं त्या वर्षभर सांगायच्या आणि मी वर्षभर त्यांना प्लसचं पुराण सांगायचो. शेवटी एकदा नवीन चिठ्ठी करून आणा म्हणून त्यांना परत डॉक्टरकडं पिटाळलं. क्लोनाझेपाम उतरवायला डॉक्टरनं अडीच महिने घेतले. मध्ये चार रात्री वाईट गेल्या, तेवढ्यात माझ्या खानदानाचा उद्धारही झाला. परवा आल्या. चिठ्ठीवर प्लस नव्हतं. मी स्ट्रिप काढून दिली, बिल केलं.

"आज वहीत लिवून घेत न्हाईस व्हय?"

"आता नाही लागत, काकी."

काकींनी स्ट्रिप उलटसुलट करून बघितली. "मग त्यातलं एक औषध कमी झालं न्हवं? पैसं पण कमी कर की."