पूर्वीची माणसं खरंच शंभर वर्षं जगायची का?
‘पूर्वीची माणसं साधी राहायची, अंगमेहनत करायची, म्हणून शंभरी गाठायची, तीच ताकद आपल्या रक्तात आहे,’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे.

तो पटतो, कारण त्यात तथ्य आहे. अंगमेहनतीने स्नायू-हाडं बळकट होतात, रक्तातली साखर आटोक्यात राहते. पण आपल्या आठवणीत राहतात ती म्हातारपण पाहिलेली माणसं. तान्हेपणीच गेलेली त्यांची भावंडं नाही. समजा, १० मुलांपैकी ४ पहिल्या वर्षी दगावली आणि ६ जण ६५ वर्षं जगले, तर सरासरी येते सुमारे ३९. (म्हणून ‘तेव्हा सगळे चाळिशीतच जायचे’ हेही चूकच.) ही सरासरी पुढे वाढली त्यात स्वच्छ पाणी, लसी आणि सुरक्षित बाळंतपण यांचा वाटा फार मोठा आहे.

पडताळा घरीच घेता येतो. वंशावळीत प्रत्येक जन्म लिहा, अगदी नाव न ठेवलेली बाळंसुद्धा. वय नोंदींवरून काढा. ऐकीव वय बहुधा वाढलेलं असतं.

आता रक्तातल्या ताकदीचं. कमावलेला स्नायू वारशाने मिळत नाही. अंथरुणाला खिळल्यावर तो काही आठवड्यांत स्वतःच्याच अंगावरून झडतो. पुढच्या पिढीकडे जाते ती सवय: मोठ्यांना रोज चालताना पाहणारी मुलंही चालतात. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालावं, असा सल्ला दिला जातो.

मात्र अर्धपोटी कष्टांना ‘साधेपणा’ म्हणू नये. गरोदरपणात पोषण कमी पडलं तर बाळ कमी वजनाचं जन्मू शकतं, आणि अशा बाळांना मोठेपणी मधुमेह, हृदयविकाराचा धोका जास्त असतो.