टर्बोची गाडी, कोकणचे घाट आणि ऑइलची डिपस्टिक

"गाडीचं रनिंगच नाही, मग ऑइल कशाला बदलायचं?" रत्नागिरी-सिंधुदुर्गात हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो आणि वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. गाडी अंगणात उभी असते. निघालीच तर बाजारापर्यंत दोन किलोमीटर, नाहीतर चाकरमानी आले की त्यांना आणायला स्टेशनवर. वर्षाचे चार हजार किलोमीटरही भरत नाहीत, आणि मॅन्युअलमध्ये तर दहा हजार लिहिलेले असतात. जुन्या साध्या इंजिनात हा हिशेब कसाबसा निभावून जायचा. टर्बोच्या गाडीत तो अंगाशी येतो, कारण तिथे ऑइल किलोमीटरने म्हातारं होत नाही. ते उष्णतेने आणि अर्धवट तापलेल्या फेऱ्यांनी म्हातारं होतं, आणि कोकणात या दोन्ही गोष्टी भरपूर आहेत.

टर्बो म्हणजे एकाच शाफ्टवर बसवलेली दोन छोटी पंख्यासारखी चाकं. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चाक फिरवतो आणि दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं. छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत पोचतो, म्हणजे सेकंदाला तीन हजारांहून जास्त. चाकाचा व्यास ४० मिलिमीटर धरला तर त्याची कड सेकंदाला ४०० मीटरपेक्षा वेगाने धावते. म्हणजे आवाजापेक्षाही वेगाने, कारण हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर असतो. बहुतेक गाड्यांच्या टर्बोत या शाफ्टला बॉल बेअरिंग नसतं. तो केसाहूनही बारीक अशा ऑइलच्या थरावर तरंगत फिरतो. हे ऑइल वेगळं नसतं, इंजिनातलंच तिथून फिरून येतं. पेट्रोल गाडीत धुराचं तापमान ९०० अंशांच्या पुढे जातं आणि ऑइल त्याच्यापासून जेमतेम काही सेंटिमीटरवर असतं.

सावंतवाडीहून आंबोली चढणारी गाडी बघा. वळणावळणाने चढताना पूर्ण वेळ टर्बोवर दाब असतो, वर गाडीत पाच माणसं आणि एसी. धबधब्यापाशी जागा दिसली की ड्रायव्हर गाडी लावतो आणि त्याच क्षणी चावी फिरवतो. इंजिन थांबलं की ऑइल पंप थांबला. टर्बो मात्र अजून भट्टीसारखा तापलेला, आणि बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑइल जागच्या जागी करपून त्याचा कोळसा होतो. हा कोळसा हळूहळू ऑइलच्या बारीक वाटा बुजवतो. परत जाण्याची वाट बुजली की ऑइल टर्बोच्या सीलमधून बाहेर पडून इंजिनात किंवा सायलेन्सरमध्ये जातं. आताच्या बऱ्याच टर्बोंना पाण्याचं कूलिंग असतं, त्यामुळे हे प्रमाण खूप कमी झालंय. गाडी बंद केल्यावरही पंख्याचा आवाज येत राहिला तर घाबरू नका, तो त्यासाठीच असतो. तरी घाट चढून आल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवायला काहीच खर्च नाही.

आता ऑइल 'खाण्याचा' प्रश्न. थोडं ऑइल प्रत्येक इंजिन जाळतंच. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर पातळ थर मागे ठेवतात, तो जळतो. तापलेल्या ऑइलमधला हलका भाग वाफ होऊन ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणाऱ्या, पाइपमधून पुन्हा इंजिनात ओढला जातो. मायलेज वाढवण्यासाठी हल्ली रिंगांचा ताण कमी ठेवतात आणि ऑइलही पातळ वापरतात, त्यात टर्बोचा दाब. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप 'सामान्य' म्हणून छापलेला आहे. माझ्या मते ही मर्यादा ग्राहकापेक्षा कंपनीच्याच सोयीची आहे.

साधा हिशेब करा. मुंबई ते सावंतवाडी जाऊन-येऊन साधारण हजार किलोमीटर. तुमची गाडी तेवढ्यात ३०० मिली ऑइल खात असेल, तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण सर्व्हिस दहा हजारांवर असेल तर तोवर तीन लिटर गेलेले असतात, आणि छोट्या टर्बो इंजिनात एकूण ऑइल साडेतीन-चार लिटरच असतं. डिपस्टिकवरच्या, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरच्या, वरच्या आणि खालच्या खुणेमध्ये बहुधा एक लिटर मावतो, म्हणजे तीन फेऱ्यांनंतर पातळी खालच्या खुणेला टेकलेली असते. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा हे सांगत नाही. तो दाबाचा दिवा आहे, पातळीचा नाही. तो लागेपर्यंत टर्बोने काय सोसायचं ते सोसलेलं असतं.

खप कुठून होतोय हे ओळखायला घाट उपयोगी पडतो. आंबा घाट साखरप्याच्या बाजूला उतरताना पेट्रोल गाडी गिअरवर सोडलेली असते, पाय ॲक्सिलरेटरवर नसतो. अशा वेळी सिलिंडरमध्ये पोकळी तयार होते आणि ती झिजलेल्या रिंगांच्या किंवा वॉल्व्ह सीलच्या फटीतून ऑइल वर ओढते. खाली सपाटीला आल्यावर ॲक्सिलरेटर दाबताच मागे निळसर धुराचा लोट दिसला तर संशय तिथे घ्यावा. बराच वेळ आयडलवर उभी राहिल्यावर निळा धूर येत असेल तर टर्बोही तपासून घ्यावा. मेस्त्री बऱ्याचदा थेट 'टर्बो गेला' म्हणून मोकळे होतात. बुजलेला ब्रीदर साफ केल्यावर धूर थांबला, अशाही गाड्या असतात.

आणि आता अंगणातल्या त्या गाडीकडे येऊ. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडं रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. थंड इंजिनात जास्तीचं पेट्रोलही तसंच उतरतं, आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या, टर्बो गाड्यांत हे अधिक. इंजिन वीस-पंचवीस मिनिटं चांगलं तापलं तर दोन्ही उडून जातात. बाजारापर्यंतच्या दोन किलोमीटरमध्ये ते उडत नाहीत. तापमानाचा काटा मध्यावर आला तरी तो कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा असतो. ऑइल तापायला त्याहून वेळ लागतो. ऑइलचं झाकण उघडल्यावर आतून दुधाळ पिवळट साय दिसते ती याचीच. (कूलंटही कमी होत असेल तर मात्र प्रकरण हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचं असू शकतं, ते टाळू नये.) लोक दोष खाऱ्या दमट हवेला देतात. ती पत्र्याची आणि वायरिंगच्या जोडांची वैरी खरी, पण ऑइलमधलं पाणी मुख्यतः इंजिनातच जन्मलेलं असतं.

यातून डिपस्टिक फसवते. एकीकडे २०० मिली ऑइल जळालं आणि दुसरीकडे २०० मिली पेट्रोल मिसळलं, तर पातळी तीच दिसते. मालक म्हणतो, माझी गाडी थेंबभर ऑइल खात नाही. प्रत्यक्षात ऑइल कमी झालंय आणि पातळही झालंय. पातळी चढलेली दिसली तर ते जास्त वाईट. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत हे हमखास घडतं. धुरातली काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, साफ करायला इंजिन जादा डिझेल फवारून तिचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतं. मध्येच गाडी बंद केली की ते काम अर्धवट राहतं, पुढच्या फेरीला पुन्हा सुरू होतं, आणि दर वेळी थोडं डिझेल ऑइलमध्ये झिरपतं. ऑइलला डिझेलचा वास येतोय का ते हुंगून बघा. ते काळं झालंय यावरून मात्र काही ठरवू नका. डिझेलमध्ये ते आठवड्याभरात काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम आहे.

युरोपात काही गाड्यांना ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षांची मुदत असते. ती लांब, सलग हायवेवरची. आपल्याकडे १०,००० किंवा १५,००० किलोमीटर अथवा एक वर्ष, यातलं आधी येईल ते. 'आधी येईल ते' हे शब्द कोकणातल्या गाडीसाठीच लिहिलेत असं समजा. मॅन्युअलच्या मागच्या पानांत खडतर वापराचं वेगळं कोष्टक असतं: छोट्या फेऱ्या, डोंगराळ रस्ते, धूळ. चिरेखाणीच्या वाटेवर घर असेल तर तिन्ही लागू पडतात, आणि एअर फिल्टर तर तांबड्या धुळीने त्याआधीच भरतो. माझं मत विचाराल तर रनिंग कितीही कमी असलं तरी वर्षाला एकदा ऑइल आणि फिल्टर बदलावा, तोही पावसाळा संपल्यावर. घाटातून रोजचं येणं-जाणं असेल तर सात-आठ हजारांपुढे जाऊ नये. आणि गणपतीला निघताना सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघावी.

टॉप-अपला हाताला येईल तो डबा नको. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी आरपीएमवर जोर पडला की मिश्रण स्पार्कच्या आधीच पेट घेऊ शकतं, आणि त्याला सिलिंडरमध्ये आलेले ऑइलचे थेंबही निमित्त होतात. अशा एखाद्या झटक्याने पिस्टन तडकल्याची उदाहरणं आहेत. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या घटकांनी हे वाढतं असं दिसल्यावर त्यांचा काही भाग मॅग्नेशियमने बदलला गेला, आणि अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) २०२० मध्ये आलेल्या 'एपीआय एसपी' दर्जात याची चाचणी आहे. पेट्रोल टर्बोसाठी डब्यावर ही अक्षरं पाहा. डीपीएफच्या डिझेलला कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या दर्जाचं ऑइल लागतं. कुंभार्ली घाट चढताना गाडी चौथ्या गिअरमध्ये कुंथत असेल तर ॲक्सिलरेटर आणखी दाबण्याऐवजी तिसरा टाका. आवाज वाढेल, पण सिलिंडरमधला दाब उतरेल.