शेंदरी हेकरू

नाशिकमध्ये धरणातले रोहू-कटला रोजचे. समुद्राची मासळी मात्र मुंबईहून बर्फात, कसारा घाट चढून येते. परवा अशाच एका पाटीत बांगड्यांशेजारी एक जाडजूड तपकिरी मासा दिसला. अंगावर पाच काळपट उभे पट्टे, खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला.

“हेकरू आहे, दादा. तोंडात बोट घालू नका,” मावशी म्हणाल्या.

जबडा हळूच उघडून पाहिला. कडेने बारीक, टोकदार दात आणि आत लिंबू सहज मावेल एवढा घसा. हा मासा चावत बसत नाही, गिळतो. निपचित थांबायचं आणि भक्ष्य टप्प्यात आलं की तोंड नि कल्ले एकदम फाकवायचे. पाणी आत ओढलं जातं आणि पाण्याबरोबर भक्ष्यही.

पाटीतला हेकरू चिखल-वाळूच्या तळावरचा. त्याचा प्रवाळ खडकांवरचा भाऊबंद पाहिला तर ओळख पटायची नाही. त्याचं शास्त्रीय नाव सेफॅलोफोलिस मिनिआटा. मिनिआटा म्हणजे शेंदूर लावलेला. आपल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावरचा शेंदूर डोळ्यांपुढे आणा आणि त्यावर गडद कडांचे निळे ठिपके शिंपडा, की तो मासा झाला. लांबी साधारण हातभर. तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरापर्यंत, स्वच्छ पाण्यातल्या प्रवाळांच्या कपारीत तो राहतो. हे प्रवाळ म्हणजे सराफ बाजारातल्या अंगठीतलं पोवळं नव्हे. पोवळ्याचे जीव वेगळे, ते असे खडक बांधत नाहीत.

या माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन अरबस्तानात गेलेल्या डॅनिश मोहिमेतले निसर्गशास्त्रज्ञ पेटर फोर्स्कोल यांनी तांबड्या समुद्राकाठी केलं. ते 1763 मध्ये येमेनमध्ये वारले. त्यांची टिपणं 1775 मध्ये छापून आणली त्यांचे सहप्रवासी कार्स्टेन नीबुर यांनी. हेच नीबुर पुढे मुंबईत येऊन घारापुरीची लेणी पाहून गेले होते, हे वाचलं तेव्हा हा मासा मला एकदम जवळचा वाटला.

इतका भडक रंग घेऊन शिकारी लपतो कसा? सूर्यप्रकाशातला लाल भाग पाण्यात सगळ्यात आधी शोषला जातो, पहिल्या काही मीटरांतच बराचसा. खाली, कपारीच्या सावलीत, शेंदरी अंग करड्या-काळ्या खडकासारखं दिसतं. आपल्याला भडक वाटणारा रंग तिथे पांघरूण होतो.

त्याचं घरदारही ऐकण्यासारखं आहे. एक नर आणि त्याच्या दोनपासून बारापर्यंत माद्या, सगळ्यांचा मिळून इलाका जास्तीत जास्त 475 चौरस मीटर, म्हणजे पाच गुंठ्यांहूनही थोडा कमी. त्यातही प्रत्येक मादीचा आपापला तुकडा असतो आणि ती तो राखते. नर फेऱ्या मारतो. हे मासे आधी मादी असतात. नर नाहीसा झाला की मोठ्या माद्यांपैकी एखादी नर होते. म्हणून निवडून मोठे मासेच पकडत गेलं की नर आधी संपतात आणि अंडी फळवायला कोणी उरत नाही. मोठा मासा मागणाऱ्या आपल्यासारख्या गिऱ्हाइकांनी हे जाणून घ्यायला हवं.

याच कुळातला तांबड्या समुद्रातला एक मोठा मासा तर जोडीदार घेऊन शिकार करतो. मोरे नावाच्या वामीच्या बिळापाशी जाऊन तो डोकं झपाझप हलवतो, की वाम बाहेर येते. भक्ष्य फटीत दडलं तर हा त्या फटीवर डोकं खाली करून उभा राहतो, जणू बोट दाखवतो. वाम फटीत शिरते. भक्ष्य कधी तिला मिळतं, कधी बाहेर पळून याच्या तोंडी येतं. संशोधकांनी 2006 मध्ये ही जोडशिकार जगापुढे मांडली.

मावशींनी पाटीतला हेकरू विळीवर घेऊन पोट चिरलं. आतून पिवळसर गाबोळी निघाली. म्हणजे ही मादी होती, नर व्हायची अजून राहिली होती.