रॅलीतला बदल्यांचा हंगाम

सरकारी खात्यांत बदल्यांचा मोसम मे-जूनमध्ये येतो. जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेत तो नोव्हेंबरात सुरू होतो आणि जानेवारीत हंगामाची पहिली रॅली असलेल्या माँटे कार्लोच्या पहिल्या स्टेजपर्यंत, म्हणजे घड्याळ लावून धावायच्या पहिल्या टप्प्यापर्यंत, चालतो. २०२५ संपताना तर एकदम तीन खुर्च्या हलल्या. दोन वेळचा विश्वविजेता काले रोवानपेरा वयाच्या पंचविसाव्या वर्षी रॅली सोडून जपानच्या सुपर फॉर्म्युलात, म्हणजे ट्रॅकवरच्या शर्यतीत जायला निघाला. ह्युंदाईच्या ओट टानाकने पूर्ण हंगाम खेळणं थांबवतो म्हणून सांगितलं. आणि टोयोटातल्या मोकळ्या जागेवर आला ऑलिव्हर सोल्बर्ग.

अशा बातम्यांत 'अमुक चालकाने तमुक संघ निवडला' असं वाक्य हमखास असतं. पन्नास वर्षांचा हिशेब काढला तर त्यातलं 'निवडला' हे क्रियापद फारसं टिकत नाही. बहुतेक वेळा निर्णय आधी दुसरीकडे झालेला असतो: कंपनीच्या संचालक मंडळात, नियमावलीत, कधी कधी तर बॉनेटवरच्या तेलाच्या स्टिकरवर. चालक उरलेल्या जागांतून एक घेतो.

सुरुवातीला करार इतके घट्ट नव्हते. कंपन्यांचं अजिंक्यपद १९७३ पासून होतं, पण चालकांचं अधिकृत विश्वविजेतेपद १९७९ मध्ये सुरू झालं. ते पहिलंवहिलं जिंकणारा स्वीडनचा ब्यॉर्न वाल्डेगार्ड त्याच एका हंगामात फोर्ड एस्कॉर्टही चालवत होता आणि मर्सिडीजही. त्याच्याहून एकाच गुणाने मागे राहिलेला हन्नू मिक्कोलाही याच दोन गाड्यांत बसला होता. रॅली पाहून गाडी ठरायची. आजच्या करारपत्रांत असली मोकळीक शोधूनही सापडणार नाही.

त्या पिढीतला गाडी बदलण्यातला खरा उस्ताद म्हणजे जर्मनीचा वाल्टर रोर्ल. १९८० मध्ये फियाटमधून विश्वविजेता झाला आणि १९८१ साठी मर्सिडीजकडे गेला. मर्सिडीजने ऐन वेळी रॅलीतूनच अंग काढून घेतलं आणि ताजा विश्वविजेता नीट हंगामाविना राहिला. १९८२ मध्ये तो ओपेलकडून उतरला. ऑडीची फोर-व्हील ड्राइव्ह क्वाट्रो सगळ्यांना मागे टाकत असताना, इंजिनाचा जोर मागच्या दोनच चाकांना मिळणाऱ्या अस्कोनात बसून त्याने ऑडीच्या मिशेल मूटोनला विजेतेपदाच्या शर्यतीत हरवलं. पुढे लान्चिया, मग ऑडी. माँटे कार्लो त्याने चार वेळा जिंकली, १९८०, ८२, ८३ आणि ८४ मध्ये, आणि चारही वेळा गाडी वेगळ्या कंपनीची होती.

१९८६ मध्ये नियमांनीच गाड्या मारल्या. कोर्सिकात हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा नॅव्हिगेटर (शेजारी बसून रस्ता वाचून सांगणारा) सेर्जिओ क्रेस्तो यांचा मृत्यू झाल्यावर ग्रुप बी हा तेव्हाच्या सगळ्यात ताकदवान गाड्यांचा गट बंद करण्याचा निर्णय झाला आणि प्यूजोने रॅली अजिंक्यपद सोडलं. त्यांचा चालक युहा कांकुनेन त्या वर्षीचा विश्वविजेता ठरला, तोही कसा, तर सॅनरेमो रॅलीचे निकाल नंतर रद्द झाले म्हणून. लान्चियाचा मार्क्कू आलेन तोवर अकरा दिवस विजेतेपदाच्या आनंदात होता. ज्याच्या हातातून ते गेलं त्या आलेनच्याच संघात पुढच्या वर्षी कांकुनेन सहकारी म्हणून दाखल झाला. लान्चियाकडे नव्या नियमांची डेल्टा तयार होती, आणि १९८७ चं विजेतेपदही कांकुनेननेच नेलं. जेवणाच्या टेबलावर त्या दोघांत काय बोलणं होत असेल, देव जाणे.

तेलाचा मुद्दा मात्र १९९२-९३ च्या हिवाळ्यातला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात बोलकं प्रकरण तेच. स्पेनचा कार्लोस साइन्झ १९९० आणि १९९२ चा विश्वविजेता होता, दोन्ही वेळा टोयोटात. गाडी त्याच्या हाताची, संघ त्याच्या भोवती बांधलेला. पण त्याचा पुरस्कर्ता होता रेप्सोल ही स्पॅनिश तेल कंपनी, आणि टोयोटाच्या संघाने १९९३ पासून कॅस्ट्रॉल या दुसऱ्या तेल कंपनीशी घरोबा केला. एका गाडीवर दोन तेलं चालत नाहीत. साइन्झ रेप्सोलसोबत लान्चियाकडे गेला. तिथे कारखान्याने रॅलीतून लक्ष काढून घेतलं होतं. डेल्टा आता जॉली क्लब हा खासगी संघ चालवत होता आणि गाडी वयाला आली होती. साइन्झला त्या हंगामात एकही रॅली जिंकता आली नाही. उलट दिशेने, लान्चियातून टोयोटात कोण आलं होतं? कांकुनेन. त्याने टोयोटाच्या सेलिकात बसून पाच रॅली जिंकल्या आणि चौथं विजेतेपद घेतलं, तिसऱ्या कंपनीच्या गाडीतून. १९९४ मध्ये टोयोटाच्याच दिदिए ओरिओलने बाजी मारली. म्हणजे साइन्झने सोडलेल्या गाडीने पुढची दोन विजेतेपदं दुसऱ्यांना दिली.

टोयोटाचं हे सुख टिकलं नाही. १९९५ मध्ये कॅटालुन्या रॅलीत त्यांच्या टर्बोच्या रिस्ट्रिक्टरमधली लबाडी पकडली गेली. इंजिनात किती हवा जावी यावर बंधन घालणारा तो भाग, आणि त्याला वळसा घालून हवा जाईल अशी सोय केलेली. बारा महिन्यांची बंदी आली. त्यासरशी कांकुनेन आणि ओरिओल हे दोन माजी विश्वविजेते १९९६ मध्ये पूर्ण हंगामाच्या जागेविना राहिले. साइन्झ टोयोटात परतणार अशी चर्चा होती. तो गेला फोर्डकडे.

आपल्या मर्जीने गेलेल्यांचंही सगळं गोड झालं असं नाही. कॉलिन मॅक्रे १९९९ मध्ये सुबारू सोडून फोर्डच्या कोऱ्या फोकसमध्ये बसला. माँटे कार्लोत वेग दिसला, पण पाण्याचा पंप नियमबाह्य ठरून गाडी बाद झाली. तिसऱ्याच रॅलीत, केनियाच्या सफारीत, त्याच फोकसने विजय मिळवला. हा झाला नशीब उघडण्याचा नमुना. रिचर्ड बर्न्सचं उलटं झालं. २००१ मध्ये सुबारूतून विश्वविजेता झाला, तोवर प्यूजोशी बोलणी झालेली होती. सुबारू सोडायला तयार नाही, प्यूजो मागे हटायला तयार नाही, अशी कराराची ओढाताण होऊन अखेर तो प्यूजोत गेला. दोन वर्षांत एकही विजय नाही. २००४ साठी सुबारूत परतायचं ठरलं होतं, पण २००३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनमधल्या रॅलीला जाताना तो गाडीतच बेशुद्ध पडला. मेंदूत गाठ निघाली. २५ नोव्हेंबर २००५ रोजी तो गेला, विजेतेपदाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी.

गाडी बदलणं म्हणजे नेमकं काय बदलणं, हे इथे सांगायला हवं. ट्रॅकवरच्या चालकाला तेच वळण पन्नास वेळा मिळतं. रॅलीवाला ते एकदाच, फार तर दोनदा घेतो आणि नॅव्हिगेटरच्या आवाजावर विसंबून घेतो. पेस नोट्समध्ये, म्हणजे रस्त्याच्या आधी लिहून ठेवलेल्या टिपणांत, 'उजवं चार' लिहिलेलं असतं (आकडा वळण किती तीव्र ते सांगतो), पण त्या चारसाठी ब्रेक कुठे मारायचा, गाडीचं नाक कधी आत वळतं, हँडब्रेक ओढल्यावर मागची बाजू किती फिरते, हे गाडीगणिक वेगळं. चाकांमध्ये ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलची मांडणी, सस्पेन्शनचा प्रवास, सगळं अंगात मुरायला किलोमीटर लागतात, आणि चाचणीचे दिवस मोजून मिळतात. टानाकचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये टोयोटात विश्वविजेता झाला, २०२० ला ह्युंदाईत आला आणि पहिल्याच माँटे कार्लोत १८० किलोमीटरच्या आसपासच्या वेगात रस्ता सोडून गाडी दरीत झाडांमधून उलटत गेली. तो आणि नॅव्हिगेटर मार्टिन यार्वेओया दोघेही चालत बाहेर आले. त्या अपघाताला नवी गाडीच कारण होती असं म्हणणं घाईचं होईल. पण ज्यांना अनुभव आहे ते नव्या गाडीत पहिल्या काही स्टेज जपून जातात, ते उगाच नाही.

म्हणूनच सेबास्टियन ओजिएचं कौतुक वाटतं. फोक्सवॅगनच्या पोलोत त्याने २०१३ ते २०१६ सलग चार विजेतेपदं घेतली. त्या चार वर्षांत पोलोने ४३ रॅली जिंकल्या. २०१७ च्या नियमांची नवी गाडी तयार होती, चाचण्या चालू होत्या. आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या प्रकरणात अब्जावधींचा फटका बसलेल्या कंपनीने २ नोव्हेंबर २०१६ रोजी रॅली बंद केली. जगातले तीन सर्वोत्तम चालक एका दुपारी बेकार. यारी-मात्ती लात्वाला टोयोटात गेला आणि दुसऱ्याच रॅलीत, स्वीडनमध्ये, जिंकला. आंद्रेआस मिकेल्सनने पोलोची शेवटची ऑस्ट्रेलिया रॅली जिंकली, तरी नव्या हंगामासाठी त्याला पूर्ण वेळ जागा मिळाली नाही. ओजिएने टोयोटा आणि फोर्ड दोन्ही चालवून पाहिल्या आणि इंग्लंडच्या कम्ब्रियातल्या माल्कम विल्सनच्या, फोर्डच्या गाड्या उतरवणाऱ्या एम-स्पोर्ट या खासगी संघात गेला. मोठ्या कंपन्यांपुढे त्यांचा खिसा लहान. फिएस्टातून पहिलीच माँटे कार्लो जिंकली, मग २०१७ आणि २०१८ ची विजेतेपदं.

२०१९ मध्ये तो सिट्रोएनकडे गेला. तीन रॅली जिंकूनही गाडी पुरेशी नाही असं त्याचं मत झालं आणि वर्षभरातच तो निघाला. इथे नेहमीचा क्रम उलटा फिरला. अव्वल चालक उरला नाही असं सांगत सिट्रोएननेच स्पर्धा सोडली, आणि त्याच्या सहकाऱ्याला, एसापेका लाप्पीला, एम-स्पोर्टमध्ये जागा शोधावी लागली. टोयोटाने टानाक गेल्यावर तिन्ही चालक बदलले होते, त्यात ओजिए बसला. २०२० आणि २०२१ पुन्हा त्याचीच. जागतिक अजिंक्यपदातल्या त्याच्याही माँटे कार्लो विजयांत आता फोक्सवॅगन, फोर्ड, सिट्रोएन आणि टोयोटा अशा चार कंपन्या आहेत. या पहिल्या आठही विजेतेपदांत शेजारी एकच माणूस होता, जुलियें आंग्रासिया. गाड्या बदलत गेल्या, कानातला आवाज तोच राहिला. नववं विजेतेपद २०२५ मध्ये, वेन्सां लान्दे याच्यासोबत आलं आणि सेबास्टियन लोबच्या विक्रमाशी बरोबरी झाली. लोबची नऊ मात्र सगळी सिट्रोएनमध्येच झाली. त्याच्या हाताखाली झारा गेली, सी-फोर आली, डीएस-थ्री आली, पण कंपनी बदलली नाही.

या वेळच्या करारांवर आणखी एक सावली आहे. २०२७ पासून नवी नियमावली येते आहे, गाडीच्या किमतीला ३,४५,००० युरोंची मर्यादा आहे. म्हणजे सगळ्यात वरच्या गटातल्या आजच्या रॅली-वन गाड्यांचं २०२६ हे शेवटचं वर्ष. पूर्ण हंगामाच्या पगारी जागा डझनभरही नाहीत, आणि टोयोटा, ह्युंदाई व एम-स्पोर्ट-फोर्ड यांपैकी पुढे कोण किती जोमाने उतरेल यावर त्या वाढतील की घटतील हे ठरणार. अशा वेळी लांब मुदतीची सही मिळणं कठीण.

सोल्बर्ग घराण्याने हे सगळं आधी भोगलं आहे. २००३ चा विश्वविजेता पेटर सोल्बर्ग सुबारूत होता. २००८ च्या डिसेंबरात, जागतिक मंदीत, आधी सुझुकी आणि पाठोपाठ सुबारू बाहेर पडली. पुढची रॅली तोंडावर आणि हातात गाडी नाही. पेटरने स्वतःचा संघ उभा केला, जुनी सिट्रोएन झारा मिळवली आणि २००९ मध्ये सायप्रसला तिसरा आला. त्याच्या मुलाला, ऑलिव्हरला, २०२२ मध्ये ह्युंदाईने सोडून दिलं. तो खालच्या डब्ल्यूआरसी-टू गटात गेला, दोन वर्षं स्कोडा फाबिया चालवली, मग टोयोटाची रॅली-टू. जुलै २०२५ मध्ये एस्टोनियात त्याला एकाच रॅलीपुरती टोयोटाची मोठी, रॅली-वन गाडी मिळाली. तिच्यातली त्याची ती पहिलीच रॅली. तो ती जिंकून आला.