कृत्रिम खुबा: झिजलेल्या कणांचा इतिहास

खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आता इतकी रुळली आहे की तिच्यापायी किती साहित्य वाया गेलं, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. हस्तिदंत, काच, बेकेलाइट, ॲक्रिलिक, टेफ्लॉन. प्रत्येकाची निवड करताना कारण पटण्याजोगंच होतं. ऑपरेशन नीट पार पडायचं, रुग्ण चालू लागायचा आणि दुखणं पुढे कधीतरी सुरू व्हायचं.

मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो, तो हा सांधा. त्यावर भार किती येतो, ते आधी पाहू. एका पायावर उभं राहिलं की कंबर दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू ओढ देतात. त्यांच्या तरफेची भुजा आखूड असल्याने त्यांना बराच जास्त जोर लावावा लागतो. शरीराचं वजन आणि ही ओढ मिळून सांध्यावर वजनाच्या अडीच ते तीनपट भार पडतो. म्हणजे 60 किलोच्या माणसाच्या खुब्यावर साधं चालतानाही 150 ते 180 किलो. जर्मनीच्या फ्रीड्रिख पाउवेल्स यांनी हे गणित 1930 च्या दशकात मांडलं. अशी पावलं वर्षाला साधारण 10 लाख धरली जातात. निरोगी कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, हे निमूटपणे सोसते, कारण तिच्यातलं घर्षण जवळजवळ नगण्य असतं.

बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी 1890 च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बसवले. क्षयाने पोखरलेल्या सांध्यांत ते टिकणं शक्यच नव्हतं. जंतुसंसर्गाने ते सांधे निकामी झाले. बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी 1923 मध्ये मांडीच्या हाडाच्या गोळ्यावर काचेची टोपी बसवली. शरीरात राहिलेल्या काचेच्या तुकड्याभोवती गुळगुळीत पडदा तयार झालेला त्यांनी पाहिला होता. पण भाराखाली काच फुटायची. शेवटी 1938 मध्ये, एका दंतवैद्याच्या सांगण्यावरून, ते कोबाल्ट-क्रोमच्या व्हायटॅलियम या मिश्रधातूकडे वळले. पॅरिसच्या ज्युडे बंधूंनी 1946 पासून ॲक्रिलिकचा गोळा बसवायला सुरुवात केली. तो झिजायचा, तुटायचा आणि कधीकधी कुरकुरायचाही.

या कुरकुरीतूनच पुढची गोष्ट सुरू झाली. इंग्लंडमधले जॉन चार्नली यांच्याकडे असा एक रुग्ण आला. तो जेवताना पुढे वाकला की सांधा आवाज करायचा आणि त्याच्या बायकोला ते असह्य व्हायचं. चार्नलींनी यातून काढलेला अर्थ असा, की आवाज येतो तिथे घर्षण आहे आणि घर्षण आहे तिथे सांधा सैल होणारच. म्हणून त्यांनी गोळ्याचा आकार कमी करत नेला. घर्षणाचा पीळ त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो. गोळा लहान असेल तर वाटी हाडातून उखडण्याचा जोरही कमी. सुरुवातीचा 40 मिलिमीटरच्या पुढचा गोळा शेवटी 22.225 मिलिमीटरवर आला. गोळ्याला जोडलेला दांडा मांडीच्या हाडात बसवायला त्यांनी ॲक्रिलिक सिमेंट घेतलं. ते चिकटत नाही. फरशीच्या खाली भरलेल्या गिलाव्यासारखं फटी भरून भार सगळीकडे पसरवतं. या कल्पना आजही टिकून आहेत.

वाटीसाठी मात्र त्यांनी टेफ्लॉन निवडलं. ज्ञात घन पदार्थांत सर्वांत कमी घर्षण असलेल्यांपैकी ते एक. सुमारे 300 रुग्णांना हे सांधे बसवले गेले आणि दोन-तीन वर्षांत वाट्या भराभर झिजू लागल्या. झिजलेल्या कणांभोवती चीजसारखा गर साचायचा आणि हाड खाल्लं जायचं. घर्षण कमी म्हणजे झीज कमी, हे गृहीतकच चुकीचं निघालं. चार्नलींनी टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. काही महिन्यांनी तिथे गाठी हाताला लागत होत्या. त्या काळच्या शल्यविशारदांत असा हिशेब स्वतःवर घेणारे फार नसतील.

1962 मध्ये एका विक्रेत्याने त्यांच्या कार्यशाळेत अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीनचा तुकडा आणून दिला. हे प्लास्टिक कापड गिरण्यांच्या यंत्रात वापरलं जायचं. चार्नलींनी त्यात नख रुतवून पाहिलं आणि वेळ वाया घालवू नका म्हणून निघून गेले. तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र साहेब परदेशी गेल्याची संधी साधून तो तुकडा झीजयंत्रावर चढवला. तीन आठवडे रात्रंदिवस चालूनही टेफ्लॉन एका दिवसात झिजलं असतं तेवढाही तो झिजला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून रुग्णांना या वाट्या बसू लागल्या.

तरीही 1980 च्या दशकात सांध्याभोवतीचं हाड विरघळलेलं पुन्हा दिसू लागलं. दोष सिमेंटवर गेला आणि ‘सिमेंटचा आजार’ असं नावही पडलं. सिमेंटशिवाय बसणारे सांधे आले, पण हाड तिथेही विरघळलं. खरा आरोपी होता पॉलिइथिलीनचे मायक्रोमीटरहूनही लहान कण: ते गिळणाऱ्या पेशी हाड खाणाऱ्या पेशींना चेतवतात. त्यात भर म्हणजे हवेच्या सान्निध्यात गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं हे प्लास्टिक ऑक्सिडीकरणाने ठिसूळ होत होतं. रेणू एकमेकांशी जास्त बांधलेलं पॉलिइथिलीन 1990 च्या दशकाच्या अखेरीस आलं, तेव्हा झीज खूप घटली.

दांड्याची अडचण वेगळ्या जातीची. हाड भारानुसार स्वतःला घडवतं, हे युलियस वोल्फ यांनी 1892 मध्येच मांडलं होतं. हाडाच्या कठीण भागाची ताठरता 20 गिगापास्कलच्या (ताठरतेचं एकक) आसपास, टायटॅनियमची 110, कोबाल्ट-क्रोमची 200 च्या वर. ताठ दांडा भार स्वतःकडे ओढतो आणि मांडीच्या हाडाचा वरचा भाग काम नसल्याने विरळ होतो. सांधा घट्ट, हाड मात्र क्षीण! टायटॅनियमच्या मिश्रधातूंकडे कल वाढण्यामागे हेही एक कारण आहे.

प्लास्टिकचे कण टाळायचे म्हणून धातूवर धातू घासणारे सांधे पुन्हा बाजारात आले. तिथे कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरू लागले आणि सांध्याभोवतीच्या ऊती नासू लागल्या. असा एक सांधा 2010 मध्ये कंपनीने जगभरातून परत बोलावला. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याच्या फेरशस्त्रक्रियांचं प्रमाण त्याआधीच वाढलेलं दिसत होतं. स्वीडनने खुब्याच्या शस्त्रक्रियांची अशी नोंद 1979 पासून ठेवली आहे.